‘बरे होणे’ या शब्दाची व्याख्या : पेस चाचणीचे रुग्णांनी केलेले परीक्षण

ब्रिटनमधील ‘पेस’ या वैद्यकीय चाचणीचा मुख्य अहवाल २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांती घेऊनही न हटणारा आणि थोड्या श्रमानेही बळावणारा थकवा, हा तिचा विषय. ६४१ रुग्णांचे चार गट करण्यात आले. तज्ज्ञांची वैद्यकीय देखभाल सर्वांनाच होती. तीन गटांना तिच्या जोडीला अनुक्रमे बोधात्मक वर्तनोपचार, क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम आणि शक्तीच्या मर्यादेत दिनक्रम आखण्याची पद्धत देण्यात आली. पहिल्या दोन उपचारांनी अधिक गुण येतो, असा निष्कर्ष निघाला. २०१३ मध्ये त्याच संशोधकांनी आणखी एक लेख लिहून या दोन गटांतील २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगितले.

वादाचे मूळ या ‘बरे झाले’ मध्येच आहे. उर्दूत ‘इफाका’ आणि ‘शिफा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीतही ‘उतार पडणे’ आणि ‘खडखडीत बरे होणे’ यांत सहसा कोणी गल्लत करीत नाही. पेसच्या लेखनात मात्र ही सीमारेषाच सरकलेली दिसते. शारीरिक क्षमतेच्या शून्य ते शंभर गुणांच्या प्रश्नावलीत ६५ वा त्याहून कमी गुण असणाऱ्यासच चाचणीत प्रवेश होता. मूळ आराखड्यानुसार बरे ठरण्यास किमान ८५ गुण हवे होते. प्रत्यक्ष लेखात ते ६० वर आले. म्हणजे ६५ गुणांनी आजारी म्हणून दाखल झालेला रुग्ण ६० वर घसरला, तरी या एका निकषापुरता तो ‘बरा’!

ही विसंगती रुग्णांनी दाखवून दिली. त्यांनी केले ते हस्तलिखितांचे संशोधक नेहमी करतात तेच : आराखडा आणि छापील लेख शेजारी ठेवून पाठभेद तपासले. ६० हा आकडा लोकसंख्येच्या ८४ या सरासरीतून २४ हे प्रमाण विचलन वजा करून काढलेला होता. त्या लोकसंख्येत वृद्ध आणि आजारी माणसेही होती. शिवाय बहुतेकांचे गुण वरच्या टोकाला दाटलेले असताना अशी वजाबाकी दिशाभूल करते. संख्याशास्त्र शिकविणाऱ्यांना यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

निकषांतील बदल विश्लेषणापूर्वीच केले होते, असे संशोधकांचे म्हणणे आहे. ते मान्य केले तरी अडचण सुटत नाही. एकच माणूस एकाच गुणांवर आजारी आणि बरा ठरत असेल, तर बदलाची तारीख कोणतीही असो, व्याख्याच सदोष आहे. रुग्णांना आपण कोणता उपचार घेतो हे ठाऊक होते आणि मुख्य मोजमाप त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून होते. हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा वापर अखेरच्या मोजमापातून वगळला गेला. हे आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पुढे ऑस्ट्रेलियातील अॅलेम मॅथीज या रुग्णाने २०१४ मध्ये ब्रिटनच्या माहितीच्या अधिकाराखाली मूळ आकडेवारी मागितली. आपल्याकडील २००५ च्या कायद्याशी परिचित असणाऱ्यांस पुढचा क्रम ओळखीचा वाटेल : विद्यापीठाचा नकार, माहिती आयुक्तांचा आदेश, त्यावर अपील. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने विद्यापीठाचे अपील फेटाळले आणि सप्टेंबरमध्ये आकडेवारी खुली झाली. मॅथीज आणि टॉम किंडलन यांचा सहभाग असलेला फेरविश्लेषणाचा लेख २०१७ मध्ये आला. मूळ आराखड्याच्या निकषांनी बरे झालेल्यांचे प्रमाण वर्तनोपचारात ७, व्यायामात ४, केवळ देखभालीत ३ आणि दिनक्रमाच्या पद्धतीत २ टक्के निघाले. गटांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. फेरविश्लेषण करणारे काही जण स्वतः रुग्ण असल्याने त्यांच्यावर पक्षपाताचा संशय घेता येईल, परंतु आकडे आता सर्वांपुढे आहेत; ज्यास शंका असेल त्याने स्वतः मोजून पाहावे. ही सोय २०१३ च्या वाचकांस नव्हती.

इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २००७ च्या मार्गदर्शिकेत शिफारस केलेला वाढत्या व्यायामाचा उपचार ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत वगळला आणि वर्तनोपचार हा आजार बरा करणारा नव्हे, तर त्यासह जगण्यास आधार देणारा म्हणून ठेवला. लॅन्सेटने २०११ चा अहवाल मात्र मागे घेतलेला नाही.