'निरपेक्ष' मापनाची मर्यादा

पाण्यातील ध्वनी मोजणाऱ्या हायड्रोफोनचे अंशशोधन अन्योन्यता-पद्धतीने केले, की ते 'निरपेक्ष' झाले असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. हे विशेषण डब्ल्यू. आर. मॅक्लीन यांच्या १९४० मधील निबंधाच्या शीर्षकातच आढळते. त्याचा नेमका अर्थ काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या पद्धतीचे सौंदर्य निर्विवाद होय. प्रक्षेपक, उभयगामी परिवर्तक आणि हायड्रोफोन यांच्या जोड्या करून तीन वेळा विद्युत्दाब व प्रवाह मोजावयाचे. अंतर, पाण्याची घनता आणि कंप्रता यांची त्यांस जोड द्यावयाची. आणि कोणत्याही प्रमाण ध्वनिमापकाच्या साहाय्याविना हायड्रोफोनची संवेदनशीलता हाती येते. अंतिम सूत्रात वर्गमूळ असल्यामुळे एखाद्या विद्युत्दाबातील १ डेसिबेलची चूक उत्तरात निम्मीच उतरते.

परंतु निरपेक्ष म्हणजे प्रमाणाविना, गृहीतकांविना नव्हे. सूत्रातील गुणक मुक्त क्षेत्रातील गोलीय तरंगासाठी काढलेला आहे. प्रयोग मात्र बहुधा भिंती असलेल्या टाकीत होतो. परावर्तित तरंग थेट तरंगापेक्षा ३ मीटर अधिक चालून येत असेल, तर पाण्यातील सुमारे १५०० मीटर प्रतिसेकंद या वेगाने निर्वेध कालावधी अवघा २ मिलिसेकंदांचा उरतो. १० किलोहर्ट्झला त्यात २० आवर्तने बसतात, १ किलोहर्ट्झला केवळ २. तेवढ्यात परिवर्तक स्थिर अवस्थेस पोचलाच, असे गृहीत धरता येत नाही.

आमचा मुख्य आक्षेप पडताळणीविषयी आहे. दोन उभयगामी परिवर्तकांच्या भूमिकांची अदलाबदल करून, एकाचा विद्युत्दाब व दुसऱ्याचा प्रवाह यांचे गुणोत्तर दोन्ही वेळा सारखे आले, की प्रयोग शुद्ध झाला असे समाधान मानले जाते. वस्तुतः भिंतींवरून होणारे परावर्तनही अन्योन्यतेचा नियम पाळते. म्हणूनच प्रतिध्वनींनी भरलेल्या टाकीतही ही कसोटी उत्तीर्ण होऊ शकते! ती परिवर्तकांविषयी साक्ष देते, क्षेत्राविषयी नव्हे. क्षेत्राची साक्ष हवी असल्यास अंतर बदलावे आणि विद्युत्दाब व अंतर यांचा गुणाकार स्थिर राहतो की नाही, ते पाहावे.

हा वाद केवळ शाब्दिक नाही. ३ डेसिबेलची चूक म्हणजे ध्वनितीव्रता दुप्पट किंवा निमपट मानणे. जहाजांचा गोंगाट देवमाशांना कितपत बाधतो, याचा निर्णय अशाच आकड्यांवर विसंबतो. तेव्हा अंशशोधनाच्या अहवालात संवेदनशीलतेसोबत कंप्रतेची मर्यादा, अंतर-कसोटीचे फल आणि अनिश्चितता यांची नोंद असावयास हवी. ती नसेल, तर 'निरपेक्ष' हे विशेषण गाळणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.