बदलाची वर्दी : 'म्यूटेशन इव्हेंट्स'ची निवृत्ती

वेबपृष्ठात फेरफार होताच त्यातील आज्ञावलीला वर्दी देणाऱ्या 'म्यूटेशन इव्हेंट्स'ना 'डब्ल्यू३सी'ने नोव्हेंबर २००० मध्ये प्रमाणकात स्थान दिले. दोष मूळ रचनेतच होता. प्रत्येक बदलागणिक ब्राउझर हातचे काम अर्ध्यावर थांबवून वर्दी देई. ती मिळताच आज्ञावली त्याच पृष्ठात आणखी फेरफार करू शके. परिणामी गती मंदावे, प्रसंगी ब्राउझरच बंद पडे. २०१२ मध्ये ब्राउझरांत आलेला 'म्यूटेशन ऑब्झर्व्हर' बदलांच्या नोंदी साठवून, चालू काम संपल्यावर एकत्रित सादर करतो. ही रचना निःसंशय सरस होय. क्रोमने जुलै २०२४ मध्ये जुनी सोय बंद केली. तोवर मिळालेली मुदत अपुरी म्हणता येणार नाही. परंतु ज्या जुन्या संकेतस्थळांना देखभाल करणारा कोणी उरला नाही, त्यांना मुदतीचा उपयोग कोणता? तेथे पृष्ठावर चुकीचा संदेशही उमटत नाही. वर्दी येईनाशी होते, इतकेच.