नाण्यावरील मुख आणि लेख

परंड्याचे नाव निघाले की इ. स. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यानंतर तेथे गेलेली निजामशाहीची गादी आठवते. परंतु त्याच धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, नाणकशास्त्राला त्याहून दीड हजार वर्षे मागे नेते. तेथे रोमन नाण्यांच्या धर्तीची मातीची पदके सापडली आहेत. अशा वस्तूंना 'रोमन प्रभाव' अशी चिठ्ठी लावून अभ्यासक मोकळे होतात. प्रभाव हा शब्द येथे उत्तर नसून चौकशी टाळण्याची सबब ठरतो.

नहपानाच्या रौप्यनाण्यांवरील मुख आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे हिंद-ग्रीक परंपरेतील आहेत. पण त्या अक्षरांत लिहिलेली भाषा प्राकृत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने ही नाणी वितळविली नाहीत. त्यांच्यावरच आपला त्रिकूट पर्वत व उज्जैनी चिन्ह ठोकले. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाणी अशी पुनर्मुद्रित आहेत. शत्रूचे मुख ज्या घराण्याने झाकले, त्याच घराण्यातील पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी पुढे रौप्यनाण्यांवर स्वतःचे मुख कोरविले. याला निव्वळ अनुकरण म्हणता येईल काय?

निर्णायक पुरावा लेखात आहे. यज्ञाच्या नाण्यावर एका बाजूस 'रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस', तर दुसऱ्या बाजूस 'अरहणकु गोतमि पुतकु हिरु यञ हातकणिकु' असे वाचतात. षष्ठीच्या '-स' ऐवजी '-कु', आणि 'स'च्या जागी 'ह'. दुसरा लेख प्राकृताचीच एखादी बोली असावी, असे काहींचे मत आहे; पण 'अरहण' आणि तमिळ 'अरसन' यांचे साम्य व '-कु' प्रत्यय पाहता तो द्राविडी मानणेच सयुक्तिक वाटते. मुख परके, भाषा प्रजेच्या.

बल्गेरियाच्या दुसऱ्या इव्हान आसेनचे (१२१८–१२४१) सुवर्णनाणे असेच आहे. संत दिमित्री राजाला मुकुट घालतो, ही मांडणी बायझंटाइन. लेख मात्र सिरिलिक लिपीत. ज्या थेस्सालोनिकीचा तो संत, तेथील शासक थिओडोर याला आसेनने १२३० मध्ये क्लोकोत्नित्सा येथे कैद केले होते.