गुहेतला मास्तर

ज्या गोष्टीचा शेवट साऱ्या जगाला ठाऊक आहे, ती पुन्हा सांगून प्रेक्षकाला श्वास रोखायला लावणे हे काही सोपे काम नव्हे. एलिझाबेथ चाय वासारहेली आणि जिमी चिन या दांपत्याच्या ‘द रेस्क्यू’ (२०२१) या अनुबोधपटाला ते साधले आहे. तरीही तो पाहून झाल्यावर माझ्यातल्या शाळामास्तराचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

थायलंडातली थाम लुआंग गुहा वाचकांना आठवत असेल. २३ जून २०१८ रोजी फुटबॉलच्या संघातली बारा मुले आणि त्यांचा पंचविशीतला प्रशिक्षक आत गेले, पाऊस कोसळला, आणि परतीची वाट पाण्याखाली गेली. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थन या दोघा इंग्रज पाणबुड्यांना ती सारी जिवंत सापडली. आमच्या जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत ज्यांनी कमरेइतक्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घातली आहे, त्यांना गुहेतल्या पाण्याची थोडी कल्पना येईल. पण तिथे निदान डोक्यावर हवा असते!

मुले सापडली, आता काढायची कशी? चित्रपटाचा प्राण इथे आहे. त्याआधी गुहेत अडकलेल्या चार पंपवाल्यांना पाण्याखालून थोडेसेच अंतर काढताना ती मोठी माणसे घाबरून झटापट करू लागली होती. मग मुलांचे काय होणार? म्हणून त्यांना भूल देऊन, हात मागे बांधून, निर्जीव सामानासारखे न्यायचे ठरले. ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ रिचर्ड हॅरिस आधी नाही म्हणाले. मुले वाटेतच जातील असे त्यांना वाटत होते. भूल उतरू लागली की पुढचे इंजेक्शन पाणबुड्यानेच टोचायचे. हे सांगताना त्या माणसांचे चेहरे पाहावेत. बरे, ही माणसे सैनिक नव्हेत, हौशी गुहाभटके. शाळेत सांघिक खेळांत मागे पडणारी, एकलकोंडी. आपापल्या वर्गातली मागची बाके आठवून शिक्षकांनी हा भाग जरूर पाहावा.

पाण्याखालची काही दृश्ये मागाहून हौदात चित्रित केलेली आहेत. पाणबुडे तेच, गुहा नव्हे. खरे आणि पुन्हा घडवलेले इतके बेमालूम जोडले आहे की कुठे काय संपले ते कळत नाही. ते प्रेक्षकाला सांगायला हवे होते. पाणी उपसणाऱ्यांनाही जागा थोडी मिळाली आहे. आम्ही नागापूरकर कारखान्यांच्या शेजारी राहतो, आणि पंपाशिवाय आमच्या विहिरीचे पानही हलत नाही. म्हणून सांगतो, भारतीय वकिलातीच्या सूचनेवरून आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे उपशाचा सल्ला द्यायला गेले होते. उपसलेले पाणी ज्यांच्या भातशेतीत शिरले त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांनी भरपाई नाकारली. आतल्यांसाठी हवेची नळकांडी ठेवून परतताना समन कुनान हा नौदलाचा माजी पाणबुड्या ६ जुलैला गेला. त्याच्याजवळ मात्र चित्रपट योग्य तेवढा थांबतो.

पण तो प्रशिक्षक कुठे आहे? एक्कापोल चांतावोंग पूर्वी मठात राहिलेला. अंधारात त्याने मुलांना ध्यान शिकवले. त्याने आतून पालकांची क्षमा मागणारे पत्र पाठवले. पालकांनी उलट कळवले की आम्ही तुला दोष देत नाही. ज्याने कधी परक्याची चाळीस पोरे सहलीला नेली आहेत आणि दर थांब्यावर डोकी मोजली आहेत, त्याला या दोन पत्रांत काय आहे ते वेगळे सांगायला नको. मुले सापडेपर्यंतचे ते दिवस म्हणजे एका मास्तराची कसोटी होती. आणि या चित्रपटात मुले जवळजवळ मुकी आहेत, मास्तर तर सावलीच. मुलांच्या कहाणीचे हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले होते, हे खरे. अडचण समजते; पण त्यामुळे वाचवणाऱ्यांचे मन आरपार दिसते आणि वाचलेल्यांचे अजिबात दिसत नाही.

ती उणीव ‘द ट्रॅप्ड १३’ (२०२२) या दुसऱ्या अनुबोधपटाने भरून काढली. त्यात मुले आणि प्रशिक्षक स्वतः बोलतात. थरार त्यात कमी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन बसणार असाल तर आधी तो लावा, आणि हा दुसऱ्या दिवशी.