'हृदयाची चाचणी' खरोखर कुणाची?

शाळेत आपण स्नायूंचे तीन प्रकार शिकवतो: अस्थिस्नायू, मृदू स्नायू आणि हृदयस्नायू. तीन आकृत्या, तीन चौकटी. रक्ताच्या काही तपासण्यांना 'हृदयाची चाचणी' हे नाव पडले तेही अशाच चौकटींमुळे. या नावालाच आमचा आक्षेप आहे.

मायोसायटिस म्हणजे स्नायुदाह. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. जिना चढणे, हात वर करून केस विंचरणेही जड जाते. काही रुग्णांत हा दाह हृदयातही शिरतो. सुरुवातीला त्रास जाणवतोच असे नाही. पुढे ठोक्यांची लय बिघडते, हृदय दुबळे होते, प्रसंगी जीवही जातो. म्हणून तो वेळेवर ओळखायला हवा.

हृदयाच्या पेशींना इजा झाली, की त्यांतले ट्रोपोनिन-टी हे प्रथिन आणि सीके-एमबी हे विकर रक्तात उतरते. ट्रोपोनिन-टीची चाचणी १९८९ साली पुढे आली. सुरुवातीला तिच्यातली प्रतिपिंडे अस्थिस्नायूंतल्या ट्रोपोनिनलाही थोडी चिकटत. तो दोष नंतर काढला गेला. तरीही मायोसायटिसमध्ये, हृदयात काही दोष सापडत नसताना, हा आकडा चढलेला दिसतो. असे का? गर्भावस्थेत हातापायांचे स्नायूही हृदयातले ट्रोपोनिन-टी आणि सीके-एमबी बनवतात. पुढे हे जवळजवळ थांबते. पण दुखावलेला स्नायू स्वतःची डागडुजी करू लागला, की तो जुना धडा पुन्हा गिरवतो. आपल्या चौकटी इतक्या पक्क्या नसतात!

नावावर विसंबले तर दोन चुका होऊ शकतात. एक, निरोगी हृदयाची नाहक अँजिओग्राफी. दुसरी अधिक घातक: 'हे स्नायूंमुळेच' असे म्हणून खरा हृदयदाह नजरेआड करणे. ट्रोपोनिन-आय अस्थिस्नायूंत सहसा बनत नाही, म्हणून त्याची साक्ष अधिक भरवशाची. पण इजा कुठे झाली एवढेच ते सांगते, का झाली हे नाही. त्यासाठी ईसीजी, इको आणि गॅडोलिनियम टोचून काढलेला हृदयाचा एमआरआय यांची जोड हवी.

शिक्षकमित्रहो, चौकटी जरूर शिकवा. मात्र एखादा पदार्थ अमुक अवयवाची खूण आहे असे म्हणताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायची सवय लावा: तो आणखी कुठे बनतो?