काठावर राहिलेल्याचं पुस्तक

सावंगी (मेघे) म्हटलं की बाहेरच्यांना मेडिकल कॉलेज आणि त्याचं मोठं हॉस्पिटल आठवतं. मी तिथलाच. इंजिनीअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो आणि घरून काम करायची मुभा मिळाली तसा परत आलो. लॅपटॉप मिटल्यावर संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न उरला होता. तो शाळेतल्या मित्राने सोडवला. त्याच्याकडे दोन गळ होते, बाईक होती आणि नोकरी नव्हती.

आम्ही धाम नदीवर जातो. धाम काही फार मोठी नदी नाही. वर महाकाळीला तिच्यावर धरण आहे. उन्हाळ्यात आमच्यापर्यंत जे पाणी येतं ते त्या धरणातून सोडलेलं असतं, मुख्यतः वर्धा शहराच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या नळांसाठी. म्हणजे त्या दिवसांत नदी वाहणार की नाही हे नदी ठरवत नाही. सकाळी जिथे घोट्याएवढं पाणी होतं तिथे संध्याकाळी मांडीएवढं असू शकतं. म्हणून गेल्या गेल्या आम्ही काठाजवळचा एक दगड बघतो. त्याच्यावरची ओली रेघ वर सरकलेली असेल तर पात्रात उतरायचं नाही, हा मित्राचा नियम. त्यानेच तो एकदा मोडला, त्याबद्दल पुढे सांगतो.

हा लेख एका अमेरिकन पुस्तकाबद्दल आहे. नॉर्मन मॅक्लीनचं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'. मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजी शिकवायचा आणि निवृत्तीनंतर लिहायला बसला. १९७६ मध्ये पुस्तक आलं तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. १९९२ मध्ये रॉबर्ट रेडफर्डने त्यावर सिनेमा केला. त्यात धाकट्या भावाच्या भूमिकेत ब्रॅड पिट आहे आणि छायाचित्रणासाठी त्याला ऑस्करही मिळालं. बहुतेकांना हा सिनेमा एका दृश्यापुरता माहीत असतो: सोनेरी उजेड, नदीत मधोमध उभा तरुण, डोक्यावरून वळसे घेत जाणारी दोरी. मोबाइलच्या वॉलपेपरला शोभेल असं. मीही आधी तेवढंच पाहिलं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. मोंटाना राज्यातली बिग ब्लॅकफूट नदी. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, त्यांनी दोन मुलांना धर्म आणि फ्लाय फिशिंग सारख्याच शिस्तीत शिकवलेलं. थोरला नॉर्मन शिकतो, लग्न करतो, मार्गी लागतो. धाकटा पॉल पत्रकार होतो, दारू पितो, जुगारात देणी करून ठेवतो, मारामाऱ्या करतो. पण नदीवर त्याच्यासारखा कोणी नाही. घरातले सगळे त्याला मदत करू बघतात, कुणालाच जमत नाही. शेवटी कुणीतरी त्याला मारून टाकतं. (स्पॉयलर म्हणून ओरडू नका, पुस्तकाला पन्नास वर्षं होत आली.)

फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण पुस्तकाची सगळी ताकद तिथे आहे. आपल्याकडे गळाच्या दोरीला शिसं बांधतात. ते वजन गळाला लांब नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असते पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं. म्हणून दोरी जाड आणि जड घेतात, तीच हवेत मागेपुढे झुलवतात आणि माशी पाण्यावर अशी उतरवतात की ट्राउटला ती खरी वाटावी. वडील हे पोरांना मेट्रोनोम लावून, चार ठोक्यांच्या तालात शिकवतात. मॅक्लीनने हे इतक्या बारकाईने लिहिलंय की मला आमच्या क्षेत्रातलं चांगलं डॉक्युमेंटेशन आठवलं. लिहिणाऱ्याने ते काम स्वतःच्या हाताने केलेलं आहे आणि वाचणाऱ्याला तो मूर्ख समजत नाही.

ट्राउटला थंड पाणी लागतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे काही नद्यांत ट्राउट जगतात ते केवळ मोठ्या धरणांच्या तळातून गार पाणी सुटतं म्हणून. टेनेसी व्हॅली अथॉरिटी पाणी कधी सुटणार याचं वेळापत्रक जाहीर करते आणि मासे धरणारे ते बघून पाण्यात उतरतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, इथे ट्राउटचं नावही काढू नये. आम्हाला मिळतात ते बोटभर मासे, नशीब असलं तर एखादा रोहू किंवा मरळ. वर धरणात बोटुकली सोडतात, त्यातले काही सांडव्यावरून निसटून खाली येतात, असं मित्र म्हणतो. आणि वेळापत्रकाच्या जागी आमच्याकडे तो दगड आहे.

पुस्तकात नॉर्मनचा मेहुणा नील आहे. तो कॉफीच्या डब्यात गांडुळं घेऊन नदीवर येतो आणि दोन्ही भाऊ नाक मुरडतात. त्यांच्या लेखी गांडूळ लावणारा माणूस चारित्र्यानेच कमी. पहिल्यांदा वाचताना मी भावांच्या बाजूने हसलो. मग लक्षात आलं की मी नील आहे. माझ्याही हातात गांडुळांचा डबा असतो, फक्त तो श्रीखंडाचा.

हा नुसता विनोद नाही. मासा पोटासाठी नाही, कसबासाठी धरायचा, हे मॅक्लीन गृहीत धरतो. धामेच्या काठावर जाळं टाकणाऱ्या ढिवरकाकांना हा फरक समजावून बघा. मराठी वाचकाच्या ओळखीचं मासेमारीचं परदेशी पुस्तक म्हणजे हेमिंग्वेचं, पुलंनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेलं. त्यातला म्हातारा पोटासाठी समुद्रात जातो, म्हणून ते आपल्याला लगेच कळतं. आपल्या भाषेत तर गळ हा फसवणुकीचाच शब्द आहे. गळाला लागला म्हणजे अडकला, फसला. आपण गळाकडे माशाच्या बाजूने बघतो आणि मॅक्लीन दोरी धरणाऱ्याच्या बाजूने. हा फरक मला आधी भाषेचा वाटला होता. तो त्याहून मोठा निघाला.

आणखी एक फरक आहे. पुस्तकात धर्म आणि मासेमारी एकाच घरात राहतात. धामेवर तसं नाही. पवनारला विनोबांचा आश्रम आहे. १९३८ मध्ये ते तिथे राहायला गेले आणि त्या जागेला परंधाम म्हणाले, म्हणजे धामेच्या पलीकडचं. तिथल्याच पाण्यात १९४८ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. गळ घेऊन आम्ही त्या बाजूला जात नाही. कुणी अडवलेलं नाही, पण जाववत नाही. गांधीजींचा जिल्हा म्हणून इथे १९७४ पासून दारूबंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे वर्ध्यातल्या कुणालाही विचारा. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, असं म्हणतात. माझा मित्र कधी पितो ते मला कळायला दोन वर्षं लागली.

इथून पुढे मला हे पुस्तक तटस्थपणे वाचता आलं नाही.

त्याचा गाभा नदी नाही. जवळच्या माणसाला मदत कशी करायची, हा आहे. वडील एकदा नॉर्मनला सांगतात त्याचा मतलब असा: मदत म्हणजे आपल्यातलं काहीतरी काढून देणं. पण नेमकं काय द्यायचं ते आपल्याला कळत नाही, आणि जे द्यायला जावं ते समोरच्याला नको असतं. हे मी अनुभवलंय. मित्राला मी पुण्याला नेलं होतं. माझ्या फ्लॅटवर ठेवलं, रेझ्युमे लिहून दिला, दोन ठिकाणी रेफरल दिले. चार महिन्यांनी तो न सांगता परत निघून गेला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो माझा प्लॅन फसल्याचा राग होता. कोड चालला नाही की आधी लॉग बघायचे असतात. मी लॉग न बघता तोच कोड पुन्हा पुन्हा चालवत होतो.

नंतर मॅक्लीनविषयी वाचताना एक गोष्ट कळली आणि पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. कथेतला पॉल मोंटानातच राहतो आणि त्याच मुलखात मरतो. खरा पॉल मॅक्लीन १९३८ मध्ये शिकागोत मारला गेला. तेव्हा तो नॉर्मन शिकवत होता त्याच विद्यापीठात नोकरीला होता.

लेखकाला असा बदल करायचा हक्क आहे. कथा म्हणजे एफआयआर नाही. पण या बदलाने काय साधलं ते बघायला हवं. प्रत्यक्षात भाऊ एकाच शहरात होता, पुस्तकात तो लांब आहे. लांबच्या भावासाठी काही करता आलं नाही, हे दुःख नदीकाठी बसून सांगता येतं. तो माझ्याच विद्यापीठात होता, रोज भेटता आलं असतं, हे सांगणं फार वेगळं आहे. सिनेमानेही असंच काहीसं केलं. ब्लॅकफूटची तोवर दुर्दशा झाली होती, म्हणून बरंचसं चित्रीकरण गॅलॅटिनसारख्या दुसऱ्या नद्यांवर केलं. सिनेमाने नदी बदलली आणि पुस्तकाने मरणाची जागा. मी याला खोटेपणा म्हणत नाही. पण इतकं सुंदर गद्य कशावर पांघरलेलं आहे, ते यातून कळतं.

आता तो मोडलेला नियम. मागच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ. आम्ही पोचलो तेव्हा दगडावरची रेघ वर सरकलेली होती. मित्र तरीही पात्रातल्या खडकावर जाऊन बसला. तो पिऊन आलेला होता. थोड्या वेळाने पाणी वाढायला लागलं.

"उठ बे, पानी येऊन राहिलं!" मी काठावरून ओरडलो.

त्याने हात हलवला आणि बसून राहिला. मी पाच-सहा वेळा ओरडलो. मला पोहता येत नाही. त्याच्या चपला वाहून गेल्या, तो हसला. मग त्याने दोरी तोडली आणि मांडीभर पाण्यातून चालत बाहेर आला.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं ना."

"मग?"

"गळ अडकला होता."

त्या वेळात पाण्याचा रंग कसा होता, उजेड कुठून येत होता, हे सगळं मला आठवतं. छान लिहिताही येईल. पण लिहावंसं वाटत नाही, कारण ते मला दिसलं याचा अर्थ मी काठावर उभा होतो.

अंगावरचे कपडे वाळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. बोलायला काही नव्हतं म्हणून मी त्याला मॅक्लीनची गोष्ट सांगितली, पार शेवटपर्यंत. पॉलच्या उजव्या हाताची हाडं मोडलेली होती, ज्या हाताने तो दोरी फेकायचा, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे सगळं मोठ्यानं सांगितलं न? लहान्याले कोनं विचारलं?"

या पुस्तकावर मी जे काही वाचलंय त्यात मला हे सर्वात नेमकं वाटतं. घरी येऊन मी पुस्तक याच नजरेने चाळलं. पॉल बोलतो, पण मासे, पाणी, टोमणे. नॉर्मन मदत देऊ करतो, पॉल विषय बदलतो आणि नॉर्मनही त्याच्याबरोबर नदीकडे वळतो. नदीवर दोघांचं इतकं छान जमतं की अवघड प्रश्न विचारायची गरज वाटत नाही. पाणी कुठे खोल आहे, मासा कुठे दबा धरून बसलाय हे नॉर्मनला वाचता येतं, भाऊ वाचता येत नाही. आणि पॉलच्या बाजूने एक पानही नाही. असणार कसं? तो उरला नाही.

म्हणून पुस्तक कमी ठरतं का? मला तसं वाटत नाही. पण ते कशाचं पुस्तक आहे, याबद्दल आपली गल्लत होते. निसर्गाचं म्हणून ते भेट देतात, फ्लाय फिशिंगचं म्हणून वाचतात. ते आहे काठावर राहिलेल्या माणसाचं. चाळीसेक वर्षं जवळ ठेवलेला प्रश्न त्याने म्हातारपणी लिहिला, तेव्हाही मरणाची जागा बदलूनच लिहिता आला. तसं समजून वाचलं तर त्यातलं सौंदर्य निव्वळ सजावट वाटत नाही, ती त्या माणसाची अडचण वाटते. सिनेमा पाहून थांबला असाल तर पुस्तक नक्की वाचा. मोठ्या भावाचं ऐका, आणि लहान्या कुठे कुठे गप्प आहे तेही बघत चला.

हा लेख मी मित्राला वाचून दाखवला. नाव टाकू नको म्हणाला, बाकी राहू दे. त्याचं पिणं सुटलेलं नाही. मी रेफरल देणं सोडलंय. त्याऐवजी विचारतो, काय पाहिजे. बहुतेक वेळा तो उत्तर देत नाही. परवा दिलं.

"काही नाही बे. उद्या गांडुळं तू आन."