'होता' आणि 'असावा'

डायनोसॉरांविषयी आरंभीच्या वाचकासाठी लिहिलेली मराठी पुस्तके गेल्या वर्षी मी ओळीने वाचून काढली. निमित्त झाले एका विद्यार्थ्याचे. बेलापूरच्या आमच्या वर्गात असाच एक उतारा चालला होता. लांबी इतकी, वजन इतके. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे कोणी पाहिलं होतं?" मुले हसली. 'पुस्तकात दिले आहे' असे म्हणून मी पुढे वाचू लागलो. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर त्याने त्या विषयावर काही विचारले नाही. ते मौन मला लागले, आणि मी स्वतः नवशिका झालो.

या पुस्तकांची भाषा बहुधा सोपी आहे, चित्रे मोहक आहेत. मुलाला आधी अचंबा वाटला पाहिजे, हे लेखकांचे धोरणही मला मान्य आहे. माझी तक्रार क्रियापदाविषयी आहे. सारी पुस्तके 'होता'मध्ये लिहिलेली आहेत. तो हिरवा होता, तो गुरगुरला, त्याने झडप घातली. असे लिहिण्याचा परवाना कादंबरीकाराला असतो. मी त्याच परवान्यावर लिहितो. शास्त्रावर लिहिणाऱ्याला तो नाही. मराठीने त्याच्यासाठी 'असावा' हे सुंदर रूप राखून ठेवले आहे. त्यात पुरावा आहे, तर्क आहे, आणि चुकण्याची तयारीही आहे. नेमके तेच या पानांवर आढळत नाही.

एक उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे. तेथे डायनोसॉरांची हाडे सापडली, आणि दगड झालेली विष्ठाही. ती लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरांची असावी, असे मानतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी ती तपासली. वनस्पतींच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साठतात. झाड कुजले तरी ते उरतात आणि त्यांच्या आकारावरून कूळ ओळखता येते. या विष्ठेत गवताचे कण निघाले. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली. तोवर गवताचा विस्तार डायनोसॉर गेल्यानंतरचा, अशी सर्वसाधारण समजूत होती. वरोऱ्याकडच्या एका विष्ठेने ती मोडली. यापेक्षा चांगले कथानक कोणत्या कादंबरीत मिळेल? तरी मी वाचलेल्या पुस्तकांत अमेरिकेचा टायरॅनोसॉरस पानोपानी आहे. पिसदुरा एका ओळीतही नाही.

दुसरा दोष नावाचा. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली 'डायनोसॉर' हा शब्द घडवला. त्यात सरड्याचा अर्थ आहे. आमचे लेखक तो अर्थ धरून 'प्रचंड सरडे' लिहितात आणि थांबतात. पण हे प्राणी सरडे नव्हेत. त्यांचे जवळचे नाते मगरींशी आणि पक्ष्यांशी आहे. नाव जुन्या समजुतीचे आणि ज्ञान नव्या, हे मुलाला सांगितले तर बिघडत नाही. उलट शास्त्र कसे वाढते ते त्याला कळते.

याच ओवेन यांनी १८४७ साली मुंबईच्या वरळीत सापडलेल्या एका लहानशा बेडकाच्या जीवाश्माचे वर्णन केले होते. आमच्या खिडकीतून दिसणारा पारसिकचा काळा डोंगर लाव्ह्याचा आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून पसरला. तापलेल्या लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. दोन थरांच्या मधल्या काळात पाणी साचले, गाळ बसला, आणि त्या गाळात वरळीचा बेडूक राहिला. 'या डोंगरात डायनोसॉर का सापडायचा नाही?' येथून आरंभ करणारे पुस्तक आमच्या मुलांसाठी कोणी लिहील काय? 'नाही' हे उत्तरसुद्धा कारणासह दिले की ते ज्ञान होते.

त्या मुलाला मी पुढल्या वर्षी व्हरांड्यात गाठले. म्हटले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. कोणीच पाहिलं नव्हतं."

तो क्षणभर थांबला. "मग सर, कळलं कशावरून?"

आरंभीच्या पुस्तकाचे पहिले वाक्य हेच असावे.